न धुतलेला हात

नातीच्या पत्राला आबांनी उत्तर पाठवलं नव्हतं.

ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. पत्राला उत्तर न देणं हे आबांच्या स्वभावात नव्हतं. पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात त्यांनी जन्मभर मुद्रितं तपासली होती. छापखान्यातली मंडळी त्यांना पाठीमागे 'शुद्धिपत्र' म्हणत. आबांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. 'आमचे ग्राहक हेच आमचे दैवत' असं छापलेल्या जाहिरातीच्या पत्रकांनासुद्धा आबा आभाराचं कार्ड पाठवत. अशा माणसाने सख्ख्या नातीचं पत्र टेबलाच्या खणात ठेवून द्यावं आणि खण उघडायला घाबरावं, म्हणजे कारण तसंच असणार.

पत्र छोटंसं होतं.

'प्रिय आबा, मला कोपराच्या आत फार खाज येते. लाल होतं. वर्गात माझ्या शेजारी कोणी बसत नाही. आई म्हणते तुम्हालापण येते. खरं का? सुटीत मी तुमच्याकडे येऊ? पुस्तकांच्या खोलीत तुमच्याजवळ झोपीन. आई म्हणते आधी आबांना विचार, ते हो म्हणाले तरच तिकीट काढू. फोन करू नका. मी पत्र लिहिलं म्हणून तुम्ही पत्रच लिहा.'

खरं का, म्हणे! पत्र वाचताना आबांच्या दोन्ही कोपरांच्या खाचा पेटल्या होत्या. बोटांच्या बेचक्यांतून कातडी सुटत होती आणि उजव्या कोपरात तर पिवळट खपली धरली होती. आबांनी पत्र खाली ठेवलं, मनसोक्त खाजवलं आणि मग त्यांना आठवलं ते शालेय आरोग्यशास्त्राचं पुस्तक. 'माणसाच्या त्वचेवर कोट्यवधी जीवाणू राहतात' हे वाक्य त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं. त्यातला 'कोट्यवधी' हा शब्द त्यांनी दोनदा दुरुस्तही केला होता. अर्थाकडे लक्ष देणं हे काही त्यांचं काम नव्हतं.

आता अर्थ अंगावर आला. पोरीला आधीच त्रास, त्यात आपण आपले कोट्यवधी तिच्या अंगावर सोडायचे? जवळ झोपणं तर दूरच, साधा कागद पाठवला तर त्यावरून जातील. आबांनी ठरवलं, की आधी स्वतःला निर्जंतुक करायचं, मग उत्तर लिहायचं. सुटी लागायला अजून वेळ होता. काम छोटंसंच होतं.

छोटी कामं वरच्या मजल्यावर कळली की मोठी होतात. वरच्या मजल्यावर पाणीखात्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहत. सगळी इमारत त्यांना 'क्लोरीनसाहेब' म्हणे. त्यांनी आबांचा हात लांबूनच पाहिला.

"आबा, जंतू म्हणजे शत्रू. शत्रूशी वाटाघाटी नाहीत."

"पण साबण लावतोच की मी. दिवसातून चारपाच वेळा."

"साबण?" साहेब हसले. लहान मुलाने लाकडी तलवार दाखवल्यावर सैनिक हसेल तसे. "साबणाने ते आंघोळ करतात हो! थांबा."

आणि त्यांनी घरातून फरशी पुसायच्या औषधाची बाटली आणून दिली. वास असा, की झाकण उघडल्यावर समोरच्या घरातला कुत्रा शिंकला. आबांनी बादलीत एक झाकण टाकलं, हात बुडवले आणि छतापर्यंत उडाले. आग होतेय म्हणजे काम होतंय, असं क्लोरीनसाहेबांनी बजावून ठेवलंच होतं. काम फारच जोरात झालं. संध्याकाळपर्यंत हात उकडलेल्या बिटासारखे दिसू लागले आणि खाज, जी आजवर कोपरापुरती समाधानी होती, ती मनगटाकडे निघाली.

"अहो, फरशीचं औषध फरशीला लावतात," आजी म्हणाल्या. "तुम्ही काय फरशी आहात?"

संसारात अशा प्रश्नांची उत्तरं द्यायची नसतात हे आबांना अनुभवाने ठाऊक होतं.

तळमजल्यावरच्या काकूंचं मत अगदी उलट. त्या जिन्यात वाटच बघत होत्या.

"पाणी लावूच नका. तेल. डोक्यापासून टाचेपर्यंत नुसतं तेल. आमच्या ह्यांना तेलानेच गुण आला."

"त्यांनाही खाज होती?"

"छे हो! पाठ धरली होती."

तेलापेक्षा औषध बरं, असं आबांना वाटलं, कारण त्याच्या बाटलीवर मजकूर छापलेला होता. छापलेल्यावर त्यांचा विश्वास. त्यांनी दारांच्या कड्या पुसल्या, खुर्च्यांचे हात पुसले, आणि नात जिथे झोपणार ती पुस्तकांची खोली हाती घेतली. एकेक पुस्तक ओल्या फडक्याने पुसून रांगेत उभं केलं. दुसऱ्या दिवशी पुष्कळशी पुठ्ठ्याला पुठ्ठा लावून एकमेकांना बिलगली होती. मोठ्या शब्दकोशाची 'ख'ची पानं तर अशी चिकटली की 'खाज' हा शब्दच घरातून नाहीसा झाला. खाज मात्र राहिली.

मग त्यांनी रबरी हातमोजे घालून पत्राचं उत्तर लिहून पाहिलं. मोज्यांत घाम साचला, अक्षर दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागलं, आणि 'प्रिय' लिहून होईतो आतल्या हातांना इतकी खाज सुटली की आबा मोज्यांसकट हात टेबलाच्या कडेवर घासू लागले. नेमका तेव्हा मुलीचा फोन आला.

"आबा, उत्तर पाठवलंत का? ही रोज पत्रपेटी बघते. आज मला विचारत होती, आबांना पण मी शेजारी नको का?"

"लिहितोय," आबा म्हणाले. "अक्षर नीट येत नाहीये."

फोन ठेवल्यावर आजी समोर येऊन उभ्या राहिल्या. "उद्या दवाखान्यात. आणि मी येणार बरोबर. तुम्ही डॉक्टरसमोर तोंड उघडायचे नाहीत, मला माहीत आहे."

त्वचारोग विभागातल्या डॉक्टरीणबाई वयाने आबांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी हात उलटसुलट पाहिला. "जुना एक्झिमा आहे. पण इतका चिघळला कशाने?" फरशीच्या औषधाचं नाव ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "त्वचेवरचे जीवाणू आणि असले आजार यांचा अभ्यास आमच्याकडे चाललाय. या कोपराचा नमुना घेऊ. कोण वस्तीला आलंय ते कळलं की पुढचं ठरवता येईल."

आबांना विचारायचं होतं, की हे दुसऱ्याला लागतं का? लहान मुलीला जवळ घेतलं तर? प्रश्न जिभेवर आला, पण मागे रांगेतला माणूस खाकरला आणि प्रश्न परत गेला. आजींनी विचारलं असतं, पण आबांच्या मनातलं हे भय त्यांना माहीतच नव्हतं. नवरा अक्षरासाठीच अडून बसलाय असं त्या समजत होत्या. बाईंनी एक साधं मलम दिलं आणि चिठ्ठी हातात ठेवली. त्यावर लिहिलं होतं: 'नमुन्याआधी दोन दिवस उजव्या कोपरास पाणी, साबण, तेल, औषध काहीही लावू नये.'

आता वाचकाला वाटेल, यात काय अवघड आहे? काहीही न करणं याहून सोपं काय असतं? पण मध्यमवर्गीय माणसाला दवाखान्यात न धुतलेला हात घेऊन जायला सांगणं म्हणजे त्याला सदरा उलटा घालून लग्नाला जायला सांगण्यासारखं आहे. दोन दिवस आबांनी कसोशीने पाळले. तिसऱ्या दिवशी सकाळी आजींनी पाणी काढलं.

"अहो, डॉक्टरकडे पारोशा अंगाने जाणार? काय म्हणतील त्या? घरात बाईमाणूस नाही म्हणतील."

"पण चिठ्ठीत..."

"चिठ्ठीत आदल्या दोन दिवसांचं लिहिलंय. ते झाले. आज तिसरा."

तर्क बिनतोड होता. निदान तोंडात कढत पाण्याची वाफ जात असताना तरी तसा वाटला. आजींनी नवीन साबणाची वडी फोडली आणि कोपर स्वतः घासून दिलं.

नमुने घेणाऱ्या बाई जाड चष्म्याच्या आणि कमी शब्दांच्या होत्या. त्यांनी कोपर नाकाजवळ नेलं.

"साबण?"

"नवीन वडी," आबा अभिमानाने म्हणाले.

"परत या."

दुसऱ्या खेपेला आबांनी डोकं चालवलं. उजवा हात न्हाणीघराच्या दाराबाहेर ठेवायचा आणि बाकीच्या देहाला आत आंघोळ घालायची. आजींना येताजाता तो हात दिसे. एकदा त्यांनी सवयीने त्यावर टॉवेल वाळत टाकला. पण हात कोरडा राहिला! पट्टीने आखल्यासारखा कोरडा! आबा छाती काढून जिना उतरत होते, तर खाली काकू.

"बघू? अगंबाई, किती कोरडं पडलंय!" असं म्हणून त्यांनी पदराआडची वाटी काढली आणि आबांचं कोपर धरून त्यावर तेल चोळलंसुद्धा. परक्या बाईच्या हातातून हात हिसकावून घ्यावा की नाही, याचा विचार आबांच्या मनात पूर्ण होईपर्यंत तेल मुरलं होतं.

चष्मेवाल्या बाईंनी या वेळी वाससुद्धा घेतला नाही. कोपर दिव्यात चमकत होतं.

"तेल?"

"तळमजल्यावरच्या काकूंनी लावलं. मी नको म्हणणार होतो."

बाईंनी शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. उलट्या बाजूने वाचायची आबांना धंद्यातली सवय. त्यांनी वाचलं: 'रुग्ण सहकार्य करत नाही.' आबांना शाळेपासून आजवर असा शेरा मिळाला नव्हता. घरी येऊन ते जेवले नाहीत.

तिसऱ्या खेपेला आजींनी मामला हातात घेतला. त्यांनी जुन्या लोकरी मोज्याचा पंजा कापून नळीसारखा केला आणि आबांच्या कोपरावर चढवला. काकूंची गाठ पडू नये म्हणून दोघं भल्या सकाळी, चपला हातात घेऊन जिना उतरले. फाटकाशी क्लोरीनसाहेब फिरायला निघालेले.

"काय लपवताय बाहीत?"

"काही नाही," आबा म्हणाले. आयुष्यभर खरं बोललेला माणूस जेव्हा 'काही नाही' म्हणतो, तेव्हा ते चोराहूनही वाईट दिसतं. बसमध्ये त्यांनी हात असा जपून धरला होता की एका शाळकरी मुलीने त्यांना जागा दिली आणि विचारलं, "फार दुखतंय का?" आबांना एकदम दुसरीच मुलगी आठवली आणि त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

दवाखान्याच्या दारात त्या दिवशी रखवालदार फवाऱ्याची बाटली घेऊन उभा होता. आदल्याच दिवशी स्वच्छतेचा नवा हुकूम निघाला होता.

"हात पुढे करा."

"डावा चालेल?"

"दोन्ही."

"उजवा धुवायचा नाहीये. वर तिसऱ्या मजल्यावर सांगितलंय."

"आणि खालच्या मजल्यावर मी सांगतोय. वरून ऑर्डर आहे."

"अहो, मीही वरूनच सांगतोय!" आबा ओरडले. ते ओरडू शकतात हे आजींना लग्नानंतर प्रथमच कळलं. आबांनी हात वाचवायला उंच केला. रखवालदाराला वाटलं म्हाताऱ्याने आपल्यावर हात उगारला. त्याने फवारा मारला, मोजा चिंब झाला आणि आतला दोन दिवसांचा संयम गळत गळत बाहीतून खाली आला.

मग मात्र चष्मेवाल्या बाईंनाही दया आली. त्या स्वतः आबांना घेऊन कार्यालयात गेल्या. तिथल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"हात धुतल्याचा दाखला मिळेल. न धुण्याच्या परवानगीचा नमुनाच नाही आपल्याकडे."

"मग साध्या कागदावर लिहा."

"काय लिहू? उद्या एकाला दिली की सगळे मागतील."

कोण मागणार, असं आबांच्या मनात आलं. पण ते बोलले नाहीत. पुष्कळ खलबतं झाल्यावर एक कागद टंकून निघाला: 'धारकाचा उजवा हात कोणीही धुऊ नये.' खाली सही, त्यावर गोल शिक्का. आबांनी तो घडी करून खिशात ठेवला. ज्या माणसाच्या नखाखाली कधी शाईचा डाग दिसला नाही, त्याच्या अस्वच्छतेला आता सरकारी मान्यता मिळाली होती. हा कागद इमारतीतल्या मुलांच्या हाती लागू नये, एवढीच त्यांची इच्छा होती.

चौथ्या खेपेला काकू परगावी होत्या, रखवालदाराने कागद वाचून सलाम ठोकला, आणि चष्मेवाल्या बाईंनी कापसाची एक काडी कोपरातून दोनचार वेळा फिरवून नळीत टाकली.

"झालं."

"झालं?" आबांना जवळजवळ अपमानच वाटला. एवढ्यासाठी?

अहवाल आला त्या दिवशी आबांनी स्वच्छ सदरा घातला आणि शिक्षा ऐकायला जावं तसे ते गेले. डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला.

"आबा, तुमच्या त्वचेवर फार जंतू झालेत असं तुम्हाला वाटत होतं ना? उलट आहे. असायला हवेत ते फार कमी राहिलेत."

आबांनी आजींकडे पाहिलं. आजींनी आबांकडे पाहिलं.

"असं समजा," बाई म्हणाल्या, "त्वचा म्हणजे विटांची भिंत. विटांमध्ये चुना भरल्यासारखे तेलकट पदार्थ असतात. तुमच्यासारख्यांच्या भिंतीत तो चुना मुळातच जरा कमी असतो. त्या भिंतीवर जुने भाडेकरू राहतात. सभ्य लोक. काहीजण तर भिंतीची डागडुजी व्हायला मदत करतात आणि गुंडांना घर मिळू नये म्हणून विषारी द्रव्यही सोडतात. तुम्ही साबणाने चुना धुतलात, औषधाने भाडेकरू हाकलले. घरं रिकामी. मग हा आला." त्यांनी एका जीवाणूच्या नावावर बोट ठेवलं. "याच्या नावाचा अर्थ सोनेरी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. सापडली फट की हा आणखी पाडतो. पाडलेल्या भिंतीतून धूळ, परागकण, काहीबाही आत शिरतं. आतल्या पहारेकऱ्यांना वाटतं दरोडा पडला. ते शिट्ट्या फुंकत धावतात, दिसेल त्यावर लाठी चालवतात. ती सूज, ती लाली, ती खाज."

"म्हणजे मीच..."

"तुम्ही सभ्य माणसांना घराबाहेर काढलंत. भांडणाची सवय नसेल तर मार भलत्यालाच बसतो," बाई हसल्या.

आबा बराच वेळ आपल्या कोपराकडे बघत राहिले. जन्मभर सोबत राहिलेली माणसं. कधी तक्रार नाही, आवाज नाही. त्यांना काय वाटलं असेल?

"आंघोळ सोडायची का मग?" आजींनी विचारलं. आवाजात धास्ती होती.

"मुळीच नाही. रोज करा, कोमट पाण्याने, थोडक्यात. सौम्य साबण, तोही हवा तिथेच. अंग ओलसर असतानाच हे मलम भरपूर लावा, म्हणजे चुना टिकेल. हे दुसरं औषध सूज उतरेपर्यंत. भिंत सावरली की सोनेरी साहेबांचं फारसं चालत नाही."

बाईंनी पुढच्या रुग्णाला हाक मारायला तोंड उघडलं. मागे रांगेत कोणीतरी खाकरलंही. आबा उठले, दोन पावलं गेले, आणि परत आले.

"बाई," ते म्हणाले. "हे लागतं का दुसऱ्याला? माझी नात यायचं म्हणते. तिलाही आहे. माझ्याजवळ झोपीन म्हणते. मी तिच्या पत्राला उत्तरच दिलं नाही. कागदावरून जाईल म्हणून."

एवढी वर्षं संसार केला तो याच माणसाबरोबर ना, अशा नजरेने आजींनी त्यांच्याकडे पाहिलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "एक्झिमा असा कुणाला लागत नाही, आबा. कागदावरून नाही, जवळ घेऊन नाही. कोपरातून पाणी येतंय ते सुकेपर्यंत झाकून ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा, बस. तिला जे मिळायचं ते तिच्या जन्माआधीच मिळालंय. चुना कमी पडायची खोड बहुतेक तुमच्या घरातली."

"म्हणजे दोष माझाच की."

"नातीचं नाक कुणासारखं आहे?"

"माझ्यासारखं," आबा ओशाळून म्हणाले.

"त्याबद्दल तिची माफी मागितलीत?"

रांगेत खाकरणारा माणूस मोठ्याने हसला. आजीही हसल्या. आणि आबांच्या छातीवरून काहीतरी जड, इतके दिवस तिथे ठेवून विसरलेलं, कोणीतरी उचलून नेलं. बाहेर आल्यावर ते दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि त्यांनी चष्मा पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"वेडे आहात," आजी शेजारी बसत म्हणाल्या. "मला विचारायचंत एकदा. मी काय एवढी वर्षं तुमच्यापासून लांब झोपले?"

हे आबांच्या खरोखरच लक्षात आलं नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी खण उघडला. मोजे नाहीत, कच्चा खर्डा नाही. एका दमात लिहिलं.

'प्रिय सोनुली, खरं आहे. मलाही येते. तुझी खाज माझ्याचकडून आलेली दिसते, नाकासारखी. आपल्या दोघांच्या भिंतीत चुना कमी आहे, तो कसा भरायचा हे मला आता कळलंय. तुझ्या शेजारी बसल्याने कुणालाही काहीही होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. वर्गात सांग. कोणी ऐकलं नाही तर माझं पत्र दाखव. पुस्तकांच्या खोलीत दोन गाद्या घातल्या आहेत, एकमेकींना लागून. काही पुस्तकं चिकटली आहेत, ती आपण मिळून सोडवू. उत्तराला उशीर झाला. तू शेजारी हवीस. ये.'

पाकीट घेऊन दोघं कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत गेले. तिथे आबांच्या ध्यानात आलं की पाकिटाचं तोंड चिकटवायचं राहिलं. त्यांनी जीभ काढून डिंकावरून सरळ फिरवली आणि उघड्या अंगठ्याने पाकीट दाबलं. तेवढ्यात फिरून परतणारे क्लोरीनसाहेब समोर.

"आबा! जिभेने? त्या हातांनी? अहो, किती जंतू गेले असतील त्यावरून!"

"जाऊ देत," आबा म्हणाले. "घरचेच आहेत."

आणि त्यांनी पेटीच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून पत्र सोडलं.